पुठ्ठ्याची चाके

घड्याळाचे काटे फिरतात, सायकल धावते, चरकातून उसाचा रस गळतो. हे सारे आपण नित्य पाहतो. परंतु पाहणे निराळे आणि समजणे निराळे. या यंत्रांच्या पोटात मुकाट्याने राबणारे दातेरी चाक सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. वस्तुतः मनुष्याची आणि त्याची ओळख फार जुनी आहे. १९०१ साली ग्रीस देशातील अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या एका जहाजातून गंजलेले एक यंत्र वर काढण्यात आले. ते सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे असून त्यात कांस्याची ३० दंतचक्रे आढळली आहेत. सूर्य आणि चंद्र यांच्या गतीचे गणित ती चक्रे मांडीत असत!

अशा या पुराणपुरुषाची ओळख मुलांना करून द्यावी कशी, हा प्रश्न एका खेडेगावातील शाळेच्या गुरुजींपुढे उभा राहिला. दंतचक्राची व्याख्या वर्गातील बहुतेक मुलांना मुखोद्गत होती. परंतु गुरुजींनी फळ्यावर एकमेकांत गुंतलेली दोन चाके काढून विचारले, "पहिले चाक उजवीकडे फिरविले, तर दुसरे कोणीकडे फिरेल?" तेव्हा वर्ग चिडीचूप झाला. चित्रातील चाके फिरत नसतात. मग उत्तर तरी कोठून मिळावे? धातूची तयार प्रतिकृती विकत घेण्याइतका पैसा शाळेजवळ नव्हता. गुरुजी म्हणाले, "पैसा नाही, पण हात आहेत. उद्या येताना प्रत्येकाने घरातील टाकाऊ पुठ्ठा आणि डब्यांची झाकणे आणावीत."

दुसऱ्या दिवशी वर्गाला भंगाराच्या दुकानाची कळा आली. मुलांनी प्रथम कात्रीने पुठ्ठ्याच्या चकत्या कापल्या आणि त्यांना दाते पाडले. पण कोणता दाता रुंद, तर कोणता अरुंद! दोन चकत्या जवळ आणताच त्या अडखळू लागल्या. गुरुजींनी त्या टाकून दिल्या नाहीत. "का अडतात ते पाहा," एवढेच ते म्हणाले. पुष्कळ वेळ निरखल्यावर मुलांच्या ध्यानात आले, की चाके लहानमोठी असली तरी चालेल, दाते मात्र सारखेच हवेत.

मग सारखे दाते आणावे कोठून? ते खोक्याच्या पुठ्ठ्यातच दडलेले होते. पुठ्ठ्याच्या एका बाजूचा कागद पाण्याने ओलावून अलगद सोलताच आतील पन्हळी उघडी पडली. यंत्राने घडविलेली ती, तिची प्रत्येक वळी दुसरीसारखी! वाळल्यावर तिच्या पट्ट्या कापून, वळ्या बाहेर राहतील अशा बेताने, त्या झाकणांच्या कडेभोवती खळीने चिकटविण्यात आल्या. अनेक झाकणे पारखून मुलांनी दोन निवडली. मोठ्याभोवती ३६ वळ्या बसल्या, लहानाभोवती १८. झाकणांच्या मध्यावर भोक पाडून, खिळ्यांनी ती एका फळीवर शेजारी शेजारी बसविली, आणि दंतचक्रे तयार झाली. खर्च काय तो चार खिळ्यांचा.

मोठे चाक उजवीकडे फिरविले, तो लहान चाक डावीकडे फिरले. मोठ्याचा एक फेरा होईतो लहानाचे दोन फेरे झाले. ३६ दात्यांनी १८ दात्यांना दोनदा फिरविलेच पाहिजे, हे आता कोणी सांगावे लागले नाही. नंतर मोठ्या चाकावर रिकामे रीळ चिकटवून त्याला दोऱ्याने खडूच्या तुकड्यांची पुरचुंडी टांगली. लहान चाक फिरविले, तेव्हा ओझे हलके वाटले. पण ते वर चढले सावकाश. जोर वाचला, तर फेरे वाढले. वेग मिळाला, तर जोर अधिक लागला. निसर्गाच्या बाजारात कोणतीही वस्तू फुकट मिळत नाही, हा व्यवहार मुलांच्या बोटांना कळला.

एका मुलाने हौसेने तिसरे चाक केले आणि तिन्ही चाके त्रिकोणात अशी बसविली, की प्रत्येक चाक उरलेल्या दोघांना टेकावे. परंतु आता एकही चाक हलेना! "खळ सांडली असेल," कोणी म्हणाले. "खिळा वाकला असेल," दुसरा म्हणाला. इतक्यात मागच्या बाकावरील, कधीही न बोलणारी एक मुलगी उठून फळीजवळ आली. बोटाने दाखवीत ती म्हणाली, "गुरुजी, पहिले उजवीकडे गेले, तर दुसरे डावीकडे जाणार. तिसऱ्याला दुसरे म्हणते उजवीकडे जा, आणि पहिले म्हणते डावीकडे जा. मग ते बिचारे जाणार कसे?" वर्ग क्षणभर स्तब्ध राहिला. ते उत्तर कोणत्याही पुस्तकातून पाठ केलेले नव्हते. गुरुजींनी तिसरे चाक काढून तिच्याच हाती दिले. तिने तिन्ही चाके एका ओळीत मांडली आणि ती सुरळीत फिरू लागली.

स्वस्त साधनांनी विज्ञान शिकविण्याचा असा मोठा प्रयोग आपल्या देशात झालेला आहे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांतून त्याचा आरंभ झाला आणि २००२ पर्यंत तो चालला. मुलांनी आधी हाताने करून पाहावे, मग निष्कर्ष काढावा, हे त्याचे सूत्र होते. पुण्याचे श्री. अरविंद गुप्ता यांनी काड्या, नळ्या, टाकाऊ वस्तू यांतून शेकडो वैज्ञानिक खेळणी सिद्ध करून हीच वाट घरोघरी नेली.

पुठ्ठ्याची चाके फार दिवस टिकत नाहीत, हे खरे. पावसाळ्यात ती सादळतात, त्यांचे दाते झिजतात. धातूची प्रतिकृती काचेच्या कपाटात वर्षानुवर्षे सुखरूप राहते. मुले तिच्याकडे दुरून पाहतात. पुठ्ठ्याची चाके मात्र वर्ष सरताच मोडतात, आणि म्हणून पुढच्या वर्गाला ती नव्याने करावी लागतात. त्यांचे हे मोडणेच त्यांचा सर्वांत मोठा गुण होय.