तो आज का आला नाही?

अलिबाग
जुलै अखेर

चि. बाळूस,


तू पाठवलेला व्हिडिओ मी अर्ध्यावर थांबवला आणि फोनमधून काढून टाकला. तूही आत्ताच्या आत्ता काढ आणि गावच्या ग्रुपवरूनही काढायला लाव. साइटवरून तांब्याची केबल नेताना सापडलेली ती तीन पोरं, त्यांना खांबापाशी उभं करून दरडावणारी माणसं, मागून येणारं हसणं. त्यातला एक तरी अठराच्या आतला आहे, हे चेहऱ्यावरूनच कळतं. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिक्षेचं राहू दे, पण उद्या तो पोरगा आयटीआयला जाईल, कुठे नोकरी मागेल, त्याची सोयरीक ठरायला येईल, तेव्हा ते दीड मिनिट त्याच्या आधी तिथे पोहोचलेलं असेल.

तुझा राग मला समजतो. नोकरीची सगळी वर्षं परिविक्षा अधिकारी म्हणून अशाच घरांच्या पायऱ्या चढण्यात गेली. ज्याची चोरी झाली त्याचंही दुःख मी ऐकलं आहे. पण १५ ऑगस्टच्या ग्रामसभेसाठी तू जो ठराव लिहिला आहेस, त्याबद्दल मला स्पष्ट बोललं पाहिजे. 'वाया चाललेल्या' मुलांची यादी करायची, त्यांचा दर रविवारी समुपदेशन वर्ग घ्यायचा आणि एकदा परवानगी काढून त्यांना तळोजा जेल दाखवून आणायचं. हेतू चांगला, पण यातलं काहीही करू नकोस.

आधी जेलचं बघू. अमेरिकेत न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात सत्तरच्या दशकात हेच केलं. जन्मठेपेचे कैदी पोरांच्या अंगावर ओरडायचे, आत काय काय होतं ते सांगून त्यांना रडवायचे. १९७८ साली त्यावर माहितीपट निघाला, त्याला ऑस्कर मिळालं आणि गावोगाव तशा सहली निघू लागल्या. मग संशोधकांनी नीट तुलना केली. अशा नऊ प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला तेव्हा दिसलं की तुरुंग बघून आलेल्या मुलांनी, न गेलेल्या तशाच मुलांपेक्षा, पुढे जास्त गुन्हे केले. मला याचं नवल वाटलं नाही. पंधराव्या वर्षी भीती फार तर आठवडाभर टिकते, आणि 'मी आत जाऊन आलो' ही फुशारकी वर्षभर पुरते.

यादीचं त्याहून वाईट. मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ साली केंब्रिज आणि सॉमरव्हिल या दोन शहरांत ५०६ मुलगे निवडले. निम्म्यांना कित्येक वर्षं समुपदेशक, शिकवणी, डॉक्टर, उन्हाळी शिबिरं असं सगळं दिलं, निम्म्यांना काहीच नाही. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड यांनी त्या सगळ्यांचा माग काढला. मदत मिळालेल्यांपैकी कितीतरी जण मोठेपणी म्हणायचे, आमचं त्याने भलं झालं. प्रत्यक्षात गुन्हे, दारू, आजारपण यांत तेच मागे पडलेले निघाले. पुढे मॅकॉर्ड यांना असंही दिसलं की ज्यांना शिबिरांना पुन्हा पुन्हा पाठवलं, त्यांचं नुकसान जास्त झालं. अवघड पोरांना एका खोलीत आणलं की ती आपलं न ऐकता एकमेकांचं ऐकतात. रविवारच्या वर्गात तू तासभर बोलशील, पण ती बाहेर पडल्यावर आठवडाभर एकत्र राहतील, आणि गावाने त्यांना एकत्र बसवलेलं असेल.

शिवाय शिक्का म्हणजे काय, हे आपल्या नेरे गावाने कुणाकडून शिकायची गरज नाही. शांतिवन आपल्याच शिवारात आहे. माझ्या लहानपणी कुष्ठरोग निवारण समितीच्या त्या आवाराकडे जायला मोठी माणसंही बिचकायची. औषधाने माणूस बरा व्हायचा, बोटांची जखमही भरायची, पण घरचे दार उघडायचे नाहीत. ज्या माणसांना त्यांच्या गावांनी नाकारलं, ती आपल्या शेजारी राहिली आणि त्यांनी शेती केली. वहिनीला विचार, ती सांगेल. त्या आपल्या गावाने आता पंधरा वर्षांच्या पोरांची यादी चावडीवर वाचावी, हे मला सहन होणार नाही.

मोफिट नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९३ मध्ये मांडलेली गोष्ट मी नवीन रुजू होणाऱ्या प्रत्येकाला सांगत असे. कायदा मोडणारी बहुतेक किशोरवयीन मुलं वयाबरोबर आपोआप थांबतात, आयुष्यभर त्यात राहणारी फार थोडी. म्हणजे आपलं काम मुख्यतः त्यांना ती दोन-तीन वर्षं पार करून देण्याचं आहे. २०२२ साली देशात अल्पवयीनांवर ३०,५५५ गुन्हे नोंदले गेले. पकडलेल्यांत तीन-चतुर्थांशांहून जास्त मुलं १६ ते १८ या वयातली, आणि बहुतेक आईबापांजवळ राहणारी. घर असतं, आई असते, भाकरी असते. नसतं ते संध्याकाळी पाच ते रात्री दहामधलं कुणी.

आणि हा वेळ आपल्याकडे नव्याने रिकामा झाला आहे. सुकापूरकडून इमारती सरकत आल्या, २०१३ मध्ये नवी मुंबई विमानतळाभोवतीचं नैना विकासक्षेत्र जाहीर झालं, आता विमानतळही झालं. ज्या घरांत भातशेती होती तिथे एकरकमी पैसा आला, पण पोराला बापामागून बांधावर जायचं कारण राहिलं नाही. वरच्या वाड्यांतल्या कातकरी घरांत तर पैसाही आला नाही. ती माणसं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर निघतात आणि पोराची शाळा तिथेच सुटते. या दोन्ही घरांतल्या पोरांना हाक मारणारा एकच माणूस उरतो, बॅनरवरचा भाई. तो टी-शर्ट देतो, बाईकवर मागे बसवतो, वाढदिवसाला तलवारीने केक कापायला उभं करतो. आणि बाळू, दोन दिवस पोरगा दिसला नाही तर तो फोन करतो. इतकी वर्षं फायली लिहून मला सगळ्यात जास्त बोचलेली गोष्ट ही आहे. शाळेत हजेरीपटावर फुली पडायची, आणि चौकशी करायचा तो भाई.

म्हणून मी एवढंच म्हणते, की जिथे आपली गैरहजेरी खटकते तिथे मुलगा टिकतो. तो चांगला की वाईट, गरीब की पैसेवाला, हे नंतर.

आता आपल्याच गावाकडे बघ. गुरुपौर्णिमेपासून गोविंदाचा सराव सुरू आहे. खालच्या थरातला एक जण आला नाही तर वरचे चढूच शकत नाहीत. मग लगेच कुणीतरी त्याच्या घरी जातं, त्याच्या आईला विचारतं, दुखतंय का, भांडलाय का. हे कुणी शिकवलेलं नाही. पण गोपाळकाला झाला की पथक मोडतं. गणपती, नवरात्र जातात, आणि भात कापून मैदान मोकळं होईपर्यंत, कबड्डीचे सामने लागेपर्यंत, काहीच नसतं. तू नवीन काही काढू नकोस. पथक मोडू देऊ नकोस, बस. (चौदाच्या आतल्याला थरावर चढवायचं नाही, हे २०१७ पासून ठरलेलं आहे, तेही पाळा. लहान पोरांना खाली ढोलकी द्या, बेंजो शिकवा, पण येऊ द्या.)

आठवड्यातून सहा दिवस, संध्याकाळी, सगळ्यांसाठी. पावसाचे चार महिने मैदानात चिखल असतो, तेव्हा समाजमंदिर उघडा. यादी नको, नावात 'सुधार' नको, 'गुन्हेगारी' तर नकोच. सरपंचाच्या पोराने आणि केबलवाल्या पोराने एकाच संघात खेळावं. आणि पगारी माणूस एक हवा. हौशी माणूस दिवाळीनंतर येत नाही, हे मी अनेक गावांत पाहिलं. गावातलाच कबड्डी खेळलेला पंचविशीतला पोरगा बघ, त्याला वही दे आणि एकच नियम घालून दे: मुलगा दोन दिवस आला नाही तर तिसऱ्या दिवशी त्याच्या दारात जायचं. रागवायला नाही, फक्त विचारायला.

पैसे कुठून, असं म्हणशील. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. बांधकामं वाढली तशी घरपट्टी वाढली असणार. ते दहा टक्के कशावर जातात ते दप्तर काढून बघ. गाव पातळीवरची बाल संरक्षण समितीही कागदावर असतेच, सरपंच तिचे अध्यक्ष असतात. तिची शेवटची सभा कधी झाली तेही बघ.

हे नुसतं मनाचं सांगत नाही. नागपुरात विजय बारसे हे हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक. पावसात मोडकी बादली लाथाडत खेळणारी झोपडपट्टीतली पोरं त्यांनी पाहिली आणि २००१ मध्ये त्यांच्यासाठी फुटबॉल सुरू केला. 'झुंड' सिनेमा त्यावरच आहे. चेंडू होता तेवढा वेळ पोरं दुसरीकडे गेली नाहीत, आणि बारसे सर रोज येत राहिले. जवळच्या कर्जतला मॅजिक बसचं केंद्र आहे. मुंबईत १९९९ मध्ये सुरू झालेली ही संस्था खेळातूनच मुलांना शाळेत आणि पुढे कामात टिकवते. एकदा जाऊन बघून ये. आणि शिकागोत २०१२ च्या उन्हाळ्यात १,६३४ मुलामुलींत चिठ्ठ्या टाकून काहींना आठ आठवड्यांचं पगारी काम दिलं, प्रत्येकाला एक मोठं माणूस जोडून दिलं. पुढच्या सोळा महिन्यांत हिंसक गुन्ह्यांतल्या अटका त्या मुलांमध्ये ४३ टक्के कमी झाल्या. आठ आठवडे फक्त! आपल्याकडे एवढ्या साइट चालू आहेत, दुकानं, गॅरेज, नर्सऱ्या. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला सुट्टीत सुरक्षित, नीट पगाराचं काम द्यायला चार मालक तयार कर.

या तीन पोरांचं म्हणशील तर साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, म्हणजे बाल न्याय कायद्याच्या हिशेबात तो किरकोळ गुन्हा. मोठी माणसं सामील नसतील तर २०१६ च्या नियमांप्रमाणे त्यात एफआयआर नोंदवायचा नसतो. ठाण्याच्या डायरीत नोंद घ्यायची, मुलाच्या घरची परिस्थिती लिहून बाल न्याय मंडळाकडे पाठवायची. बेडी नाही, कोठडी नाही. तेव्हा कुणी 'आत टाका' म्हणालं तर तू शांतपणे हे सांग. मंडळाच्या तारखेला पोराबरोबर बाप जाईलच असं नाही, त्याचा रोज बुडतो. तू जा. कर्जतच्या निरीक्षणगृहात कधी कुणाला राहावं लागलं, तर तो सुटून येईल त्या दिवशी त्याला आणायला गावातलं माणूस असू दे, आणि दुसऱ्याच दिवशी मुख्याध्यापकांकडे जा. रिमांड होममधून आलेला पोरगा पहिल्या आठवड्यात कुठे बसतो, यावर पुढचं सगळं ठरतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

केबलच्या मालकाला मात्र विसरू नकोस. त्याचं नुकसान झालं आहे. पोरांना त्याच्यासमोर बसव, त्याचं ऐकू दे त्यांना. भरपाई कशी करायची ते दोन्ही बाजूंनी मिळून ठरवावं, आणि मंडळालाही ते सांगावं. माफी घाईने मागितली जाऊ नये, पूर्ण ऐकून घेऊन मागावी. पुण्यात मे २०२४ मध्ये गाडीखाली दोन जीव गेले आणि मुलाला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, तेव्हा सगळा महाराष्ट्र संतापला, तो बरोबरच संतापला. पण त्यानंतर लोकांना वाटू लागलं की मुलांना सुधारू देणं म्हणजे सोडून देणं. ज्याचं नुकसान झालं त्याच्या डोळ्यांत बघायला लावणं याला सोडून देणं म्हणत नाहीत. ते तुरुंग बघून येण्यापेक्षा कितीतरी जड आहे. आणि गरिबाच्या पोराला खांब, श्रीमंताच्याला निबंध, हे तर आपल्या गावात होताच कामा नये.

एक गोष्ट तुझ्या पत्रात कुठेच नव्हती. ते तांबं विकत कोण घेतो? चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला तांबं जाळून साफ करायचं कुणी शिकवलं, किलोचा भाव कुणी सांगितला? मुलांना बेकायदा कामाला लावणाऱ्या मोठ्या माणसाला बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. व्हिडिओत तीन पोरं उभी होती, तो माणूस नव्हता. तुझा राग त्याच्याकडे वळव.

ठराव नव्याने लिहून मला पाठव, मी ग्रामसभेच्या आधी दोन दिवस येऊन राहीन. सूनबाईला म्हणावं, समाजमंदिराची किल्ली कुणाकडे असते आणि रात्री तिथे दिवे लागतात का, ते बघून ठेव. आणि भंगारवाल्याचं ठाण्यात सांगायला एकटा जाऊ नकोस, पोलीस पाटलांना बरोबर घे.

तुझी,
आत्या