मामाच्या घरची रोवणी

मामा म्हटलं की कुणालाही आजोळ आठवतं. आमच्या झाडीपट्टीत मात्र मामा म्हणजे तलाव. ‘माजी मालगुजारी’ बोलता बोलता झिजलं आणि ‘मामा’ झालं. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं बांधलेले हे तलाव भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून साडेसहा हजारांहून अधिक. १९५१ मध्ये सारावसुलीची मालगुजारी पद्धत गेली, तलाव सरकारजमा झाले. नाव तेवढं नात्याचं उरलं.

आजोळ कुणाचं, तर माशांचं: मरळीचं, डाडकाचं, शिंगुराचं. पावसाळ्यात मरळीची जोडी काठच्या पाणगवतात ताटाएवढी जागा साफ करते. मधाच्या रंगाची अंडी तिथं तरंगतात. पिल्लं निघाली की त्यांचा लालसर थवा घोटभर हवेसाठी वर येतो, पाण्यावर कुंकू सांडल्यासारखा. खाली काळोखात आईबाप राखण करत असतात.

मग रोहू-कटल्याचं बीज आलं. वजनाला भारी, पण साचल्या पाण्यात वीण नाही. म्हणजे दरसाल बीज विकत आणणं आलं. काठानं बेशरम माजली. तोडून फेकलेली फांदीही रुजते, उगाच नाही ते नाव! पाणगवत सरलं आणि मरळीला पाळणा बांधायला जागा राहिली नाही.

अर्जुनी मोरगाव भागातल्या मासेमार ढिवरांनी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासोबत यावर काम सुरू केलं. मासा परत आणायचा म्हणून त्यांनी आधी गवत लावलं. उन्हाळ्यात बेशरम मुळासकट उपटली, तलावाचा तळ नांगरला आणि पाऊस पडल्यावर बाया पाण्यात उतरल्या. काठाशी उभं राहणारं देवधान वेगळं, बुडून वाढणारं वेगळं, तरंगणारं वेगळं. कोणता मासा कशाच्या आडोशाला राहतो, हे ढिवरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. एका हातात जुडी, दुसऱ्याच्या अंगठ्यानं मूळ चिखलात दाबायचं. धानाची रोवणी असते, अगदी तशीच. फरक इतकाच, की हे पीक कापायचं नसतं.

आणि एखाद्या पावसाळ्यात तो लाल थवा पुन्हा दिसला, की जाळं खांद्यावरच राहू द्यायचं. भाचे आजोळी आलेत, त्यांच्या आईबापाला कोण धरील?