कडपा आणि मंडई

भंडाऱ्याला रेल्वेनं जायचं तर वरठीला उतरावं लागतं. हावडा-मुंबई मार्गावरच्या आमच्या स्टेशनची पाटी मात्र 'भंडारा रोड' अशी. गाव आमचं आणि नाव दुसऱ्याचं. त्यामुळे इथं उतरणारा प्रवासी बहुधा भंडाऱ्याचाच असतो, असं रेल्वेनं धरून ठेवलेलं दिसतं. दिवाळी झाली की हा हिशेब चुकतो. भाऊबीजेपासून पुढे कितीतरी दिवस गाड्यांतून पिशव्या, गाठोडी आणि लेकरं घेऊन माणसं उतरतात, आणि त्यातल्या निम्म्यांना भंडाऱ्याशी काही देणंघेणं नसतं. ती कुठल्या ना कुठल्या गावच्या मंडईला चाललेली असतात.

पुण्या-मुंबईच्या वाचकाला मंडई म्हटलं की भाजीबाजार आठवतो. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या मुलखात, मंडई म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव भरणारी एका दिवसाची जत्रा. सकाळी घरं सारवायची, दुपारी दुकानं आणि दंडार, रात्री नाटक. प्रत्येक घरी पाहुणे. सुवाऱ्या, वडे, ज्याच्या घरी चालतं त्याच्या घरी कोंबडा. लेकी माहेरी येतात, सोयरे भेटतात, उपवर पोरापोरींकडे लोक दुरून बघून घेतात आणि पुढच्या उन्हाळ्यातली लग्नं तिथंच अर्धी ठरतात. १ मे १९९९ला गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला. जिल्ह्याची कचेरी वेगळी झाली, मंडईचे पाहुणे काही वेगळे झाले नाहीत.

या मंडईची एक अडचण आहे. ती ऐन कापणीत येते. हलकं धान दिवाळीच्या आगंमागं कापणीला येतं. कापलेलं धान बांधीतच पसरून दोन-चार दिवस वाळू देतात, त्याला आमच्याकडे कडपा म्हणतात. कडपा वाळल्या की भारे बांधायचे आणि पुंजणा रचायचा. पुंजणा नीट रचला, लोंबा आत आणि बुडखे बाहेर ठेवले, की वरून पाणी आलं तरी आतलं धान कोरडं राहतं. पण बांधीत पडलेल्या कडपांवर पाऊस आला तर दाणा काळा पडतो, कोंब फुटतात, सारं धान पाखड होतं. आणि बंगालच्या उपसागरात वादळ उठलं की त्याचा पाऊस याच दिवसांत आमच्यापर्यंत पोचतो.

मी पाचवीत होतो त्या वर्षी असंच झालं. गावात तेव्हा पोलादाचा कारखाना यायचा होता, सारं गाव धानावरच होतं. आमच्या सहा बांध्या कापून पडल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी मायच्या माहेरची मंडई. तिचं माहेर मोहाडीच्या पुढे, बंडीनं जाण्याजोगं. संध्याकाळी पूर्वेकडून ढग चढले. रात्री जेवताना बाबूजी म्हणाले, "उद्या मंडईले जानं होत नाई. पानी येते. कडपा भिजल्या तं वर्षभर पाखड खा लागन."

माय भात वाढत होती. तिनं वाढणं थांबवलं नाही. म्हणाली, "धान दरसाल पिकते. माही माय दरसाल भेटन, असं कोनी लिहून देल्लं काय?"

यावर बाबूजी काही बोलले नाहीत. दोघांचंही बोलणं खरं होतं. आम्ही पोरं पानातल्या भाताकडं बघत बसलो.

उत्तर दिलं ते आमच्या बुढीनं, म्हणजे बाबूजींच्या आईनं. ती म्हणाली, "भांडू नोका. दव सुकला का सारे बांधीत चला. होते तेवढं करू, मंग बंडी जुपू." एवढं बोलून तिनं कंदील घेतला आणि शेजारच्या काकांच्या घरी गेली. काका म्हणजे नात्यातले नव्हेत, त्यांच्या आमच्या बांध्यांचा धुरा एक. ती परत आली तेव्हा काही सांगितलं नाही, कंदील विझवून झोपली.

सकाळी नऊपर्यंत दव होता. ओल्या कडपा बांधता येत नाहीत, त्यामुळे तोवर सगळे धुऱ्यावर बसून आभाळाकडं बघत होते. मग काका, काकी आणि त्यांची दोन पोरं आली. कोणी कोणाला काही विचारलं नाही. मोठ्यांनी पेंढ्याचे बंध पिळले, भारे बांधले, डोक्यावरून पुंजण्याकडं नेले. बाबूजी पुंजण्यावर उभे राहून रचत होते, ते काम ते दुसऱ्या कोणाला देत नसत. आम्ही पोरं मागून गळलेल्या लोंबा वेचत होतो. कापण्याआधी बांधीत लाखोळी फेकली होती, ती खाली उगवून आली होती. "पाय जपून ठेवा, लाखोरी तुडवू नोका," असं काकी दर पाच मिनिटांनी ओरडायची. बुढी झाडाखाली बसून पाण्याचा गुंड सांभाळत होती आणि किती भारे झाले ते मोजत होती.

दुपार कलली तेव्हा चार बांध्या उचलून झाल्या होत्या. दोन राहिल्या होत्या. आभाळ अजून उतरलं नव्हतं, पण उन्हाचा रंग गेला होता. काका मायला म्हणाले, "वयनी, तुमी निंगा. दोनच बांध्या रायल्या. मी अन् भाऊ पाहून घेतो." मायनं बाबूजींकडं पाहिलं. ते पुंजण्यावरूनच म्हणाले, "व्हा समोर. मी सायकलनं येतो."

माय घरी आली, हातपाय धुतले, लुगडं बदललं. केसांतलं तणीस तसंच होतं, ते बुढीनं बंडीत बसल्यावर एकेक करून काढलं. बैल मोठ्या भावाच्या हाती. मोहाडीला चौंडेश्वरीला बंडीतूनच हात जोडले आणि पुढे निघालो.

मंडई गावच्या तलावाच्या पाळीखाली भरली होती. आमच्या भागातले हे मालगुजारी तलाव धानासाठी बांधलेले, पण दिवाळीत ते शिंगाडेही देतात. ढीवरांच्या बाया उकडलेल्या शिंगाड्यांचे ढीग लावून बसलेल्या, काळे काटेरी शिंगाडे, सोलताना बोटं काळी करणारे. उसाच्या मोळ्या, जिलेबी, गरम भजी, कासारांच्या बांगड्या, बुरडांची सुपं, भंडाऱ्याची पितळी भांडी, बैलांचे कासरे. मैदानात दंडार चालू होती, मिशा काढलेला एक बाप्या लुगडं नेसून अशी मुरकी घेत होता की आम्ही बंडीतून उतरायचंच विसरलो.

मायनं यातलं काहीच पाहिलं नाही. गावात शिरणाऱ्या बंड्या जिथून दिसतात तिथं रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून चार-पाच म्हाताऱ्या बसल्या होत्या. लेकींची वाट पाहणाऱ्या. त्यांत आमची आजी होती. तिला नीट दिसत नव्हतं, बैलांच्या घुंगरांवरून ती बंड्या ओळखत होती. माय जवळ गेली तशी तिनं हात चाचपला. हाताला धानाच्या चरांनी ओरखडे पडलेले. आजीनं पहिला प्रश्न विचारला तो असा, "कडपा उचलल्या काय व?"

"उचलून रायले," माय म्हणाली.

"मंग जवाई येतीन," आजी म्हणाली आणि मायला पोत्यावर आपल्याजवळ बसवून घेतलं. अंधार पडेपर्यंत त्या दोघी तिथून हलल्या नाहीत.

बाबूजी दिवे लागल्यावर आले. सायकल मामाच्या अंगणात टेकवली, अंघोळ केली, आजीच्या पाया पडले. मायनं नुसतं बघितलं. ते म्हणाले, "झाल्या साऱ्या." बस्स.

रात्री नाटक होतं. हल्ली वडशाच्या नाटक कंपन्या येतात, तेव्हा गावातलीच पोरं नाटक बसवत. मध्यरात्रीनंतर पाऊस आला. पडदे गुंडाळले गेले, लोकांनी डोक्यावर पोती घेतली. बाबूजींनी एकदा वर पाहिलं आणि जागेवरच बसून राहिले. पाऊस थांबला, नाटक जिथं थांबलं होतं तिथून पुन्हा सुरू झालं आणि पहाटेपर्यंत चाललं.

आजी पुढच्या आखाडात गेली. ती तिची शेवटची मंडई.

पण मला सांगायचं आहे ते त्यानंतरच्या बुधवारचं. त्या दिवशी काकीच्या माहेरची मंडई होती. सकाळी दव सुकताच बुढीनं आम्हाला सगळ्यांना काकांच्या बांधीत नेलं. काकी दुपारी बंडीत बसून गेली आणि राहिलेले भारे बाबूजींनी आणि मायनं उचलले. कंदील घेऊन बुढी त्या रात्री काय बोलून आली होती, ते तेव्हा कळलं.

मंडई कोणत्याही तिथीला बांधलेली नाही. गावोगावचे लोक बसून आपापला दिवस ठरवतात, शेजारच्या गावाशी टक्कर होऊ नये असं बघतात. दुकानदारांना आणि दंडारींना सगळीकडं पोचता यावं म्हणून, असं कारण सांगतात. ते खरं आहेच. पण दिवस वेगळे असल्यामुळेच एकाच्या कडपा दुसऱ्याला उचलता येत होत्या. सगळ्यांची मंडई एकाच दिवशी असती, तर कोणाचं धान भिजलं असतं नाहीतर कोणाची लेक माहेरी गेली नसती.

आता बऱ्याच बांध्यांत हार्वेस्टर उतरतं. कापणी-मळणी एकदमच होते, धान थेट पोत्यात. कडपा कमी झाल्या, पाखडाची भीती कमी झाली, हे चांगलंच झालं. कंबर मोडून भारे वाहिलेल्या कोणालाही विचारा. मंडईही चालू आहे, उलट नाटकं वाढली आहेत. फक्त हार्वेस्टरवाल्याचा नंबर लावताना शेजाऱ्याच्या बायकोच्या माहेरची मंडई कधी आहे, हे विचारावं लागत नाही.

माय मात्र अजून विचारते. दिवाळी आली की काकांच्या सुनेला हाक मारते, "तुह्या गावची मंडई कवा हाय व?" आणि तारीख कळली की भिंतीवरच्या कालनिर्णयवर नातवाकडून खूण करून घेते.