ओहोटीने उघडी पडणारी मुंबई

मुंबईला आलेला पाहुणा समुद्र पाहिल्याशिवाय परतत नाही. दिल्ली, नोएडा, गुरुग्रामहून सुट्टीत आजोळी आलेली मराठी मुले तर गाडीतून उतरताच चौपाटीचा हट्ट धरतात. मग भेळ होते, वाळूचा किल्ला होतो, मावळत्या सूर्याचे फोटो निघतात आणि समुद्र पाहून झाला असे सगळ्यांना वाटते. पण याच शहराच्या पायाशी, काळ्या खडकांवर, आणखी एक वस्ती आहे. तिला पाठीचा कणा नाही, आवाज नाही आणि बहुतेक वेळा ती दगडासारखीच दिसते. त्यामुळे माणसे तिच्यावर पाय देऊन पुढे जातात, आणि आपण कोणाच्या घरावरून चाललो हे त्यांच्या गावीही नसते.

पाऊणपटीचा हिशेब

ही वस्ती पाहायची तर आधी पंचांग पाहावे लागते. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि रात्री तीनच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. वद्य पक्षात तिथी पुन्हा एकपासून मोजायची. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. तेव्हा पाणी जितके वर चढते, तितकेच दूर मागे सरते. मुंबईत उधाणाच्या वेळी भरती आणि ओहोटीच्या पातळीत सुमारे 5 मीटरचा फरक पडू शकतो. म्हणून अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरची द्वितीया खडक पाहायला सोयीची. सकाळी साडेसातच्या सुमारास पूर्ण ओहोटी असते आणि ऊनही कोवळे असते. हा हिशेब अर्थात ढोबळ आहे. निघण्यापूर्वी त्या दिवसाचे भरतीचे वेळापत्रक पाहून घ्यावे.

चाळीचे तीन मजले

वांद्र्याच्या कार्टर रोडवर ओहोटीच्या वेळी उभे राहिले की समोर काळ्या बसाल्टचा पसारा दिसतो. हा दगड सहा कोटी वर्षांहून जुन्या लाव्हाचा. त्यावरची राहणी एखाद्या चाळीसारखी मजल्यांची आहे.

सर्वांत वरच्या मजल्यावर पाणी क्वचितच पोहोचते. तिथे भेगांमध्ये वाटाण्याएवढ्या गोगलगायी असतात. शंखाचे दार घट्ट लावून, आतला ओलावा जपत त्या भरतीची वाट पाहतात.

मधला मजला बार्नेकल आणि कालवांचा. बार्नेकल दिसतो शिंपल्यासारखा, पण तो खेकडा आणि कोळंबीचा नातलग. बालपणी तो पाण्यात मोकळा पोहतो. मग जागा निवडून डोक्याच्या बाजूने खडकाला चिकटतो, भोवती चुन्याच्या भिंती बांधतो आणि उरलेला सारा जन्म पायांनी पाण्यातले अन्न ओढत काढतो. कालवांची ओळख मात्र मराठी स्वयंपाकघराला आहेच. कोळीणी टोकदार लोखंडी हत्याराने वरचे कवच फोडून आतला गर काढतात. कालवे पाणी गाळून त्यातले बारीक अन्न खातात, त्यामुळे जे पाण्यात असते तेच त्यांच्या अंगात साठते. शहराचे सांडपाणी जिथे समुद्राला मिळते, तिथली कालवे म्हणूनच खाऊ नयेत.

सगळ्यांत खालचा मजला फक्त उधाणाच्या ओहोटीतच नीट दिसतो. इथे खडकावर तपकिरी-हिरव्या बटणांचा गालिचा अंथरल्यासारखा वाटतो. ते असतात झोअँथिड, प्रवाळांचे चुलतभाऊ. यातील काही जातींत अत्यंत जहाल विष असते, तेव्हा हात लावू नये. शेजारच्या डबक्यात समुद्रफूल दिसते. नाव फुलाचे, पण तो मांसाहारी प्राणी आहे. पाकळ्यांसारख्या सोंडांतील डंख मारणाऱ्या पेशींनी तो लहान जीव पकडतो, आणि पाणी ओसरले की सोंडा मिटून चिकट गोळा होऊन बसतो. नशीब असेल तर दगडाच्या कपारीत ऑक्टोपसही दिसतो. त्याला तीन हृदये असतात आणि त्याचे रक्त निळे असते, कारण त्यात लोहाऐवजी तांबे असते.

हे सारे मुंबईकरांनाही फारसे ठाऊक नव्हते. 2017 मध्ये 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा नागरिकांचा उपक्रम सुरू झाला. ओहोटीच्या वेळी लोकांना किनाऱ्यावर नेऊन, फोटो काढून, नोंदी ठेवून त्याने या शेजाऱ्यांची ओळख अनेकांना करून दिली.

रस्ता आणि खडक

ओळख होत होती, त्याच सुमारास खडकांवर संकटही आले. मरीन ड्राइव्ह ते वरळी या सागरी किनारा रस्त्याचे काम 2018 मध्ये सुरू झाले. त्यासाठी समुद्रात भराव घालावा लागणार होता आणि हाजीअली, वरळीचे खडक नेमके त्या वाटेवर होते. मुंबई उच्च न्यायालयाने 16 जुलै 2019 रोजी प्रकल्पाची किनारा नियमन मंजुरी रद्द केली. डिसेंबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झाले. मार्च 2024 मध्ये रस्त्याचा पहिला टप्पा वाहनांना खुला झाला. शहराची वाहतुकीची अडचण खरी होती, हे रस्त्याला विरोध करणाऱ्यांनाही नाकारता येत नव्हते.

हाजीअली आणि वरळीच्या खडकांवर प्रवाळ आहेत, हे याच वादात अनेकांना प्रथम कळले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळांचा समावेश 2001 मध्ये झाला. वाघाला जे संरक्षण, तेच नखाएवढ्या प्रवाळाला. म्हणून परवानगी घेऊन, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाखाली 2020 च्या अखेरीस त्यांच्या वसाहती उचलून कुलाब्याच्या नेव्हीनगर किनाऱ्यावर नेण्यात आल्या.

पण बार्नेकल, कालवे, झोअँथिड यांना असे कवच नाही. त्यांना कोणी उचलून नेले नाही. भरावाखाली गेलेल्या खडकावर जे चिकटलेले होते, ते तिथेच राहिले. कायदा संसदेत होतो, शेवटचा निकाल सर्वोच्च न्यायालयात लागतो, आणि ही दोन्ही ठिकाणे समुद्रापासून शेकडो मैल दूर दिल्लीत आहेत. अनुसूचीत कोणाचे नाव असावे हे ठरवणाऱ्या शहरातील मुलांनी म्हणूनच एकदा तरी या डबक्यांत डोकावावे.

जाताना एवढे पाळा

पायात पकड असलेले बूट घाला, कारण शेवाळ फार निसरडे असते. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोहोचा आणि पाणी वळले की लगेच मागे फिरा. भरती खडकांमधल्या खोलगट भागांतून आधी शिरते आणि परतीची वाट पाठीमागून बंद होते. मुलांना एकटे सोडू नका. सुंदर, नक्षीदार, निमुळता शंख दिसला तरी उचलू नका. आत विषारी गोगलगाय असू शकते. पावसाळ्यात हे खडक टाळा. शिवाय त्या दिवसांत वाळूवर निळ्या फुग्यांसारखे डंखधारी जीव वाहून येतात. मेल्यासारखे दिसले तरी त्यांना स्पर्श करू नये.

दगड उलटून पाहिला तर पुन्हा होता तसाच ठेवा. खालच्या ओलाव्यात राहणारे जीव उन्हात काही वेळातच मरतात. रिकामे शंखही घरी आणू नका. मऊ पोटाचा एक खेकडा अशाच शंखात बिऱ्हाड करतो, आणि अंग वाढले की त्याला मोठे घर शोधावे लागते. शोकेसमध्ये ठेवलेला शंख त्याच्या उपयोगाचा नसतो.