परतीचे तिकीट

तीर्थयात्रेहून आलेल्या माणसास आपण ‘दर्शन कसे झाले?’ असे विचारतो. परदेशी निघालेल्यास मात्र ‘व्हिसा मिळाला काय?’ असे विचारतो. वैनगंगेकाठच्या आमच्या बालाघाटासही हा प्रश्न आता नवा राहिलेला नाही. सायंकाळची आरती आटोपल्यावर देवळाच्या ओट्यावर चालणाऱ्या गोष्टींत भोपाळचे पासपोर्ट कार्यालय येते, आणि दूरदेशींच्या मुलानातवंडांची खुशालीही येते. या गोष्टींत फिजीचे नाव निघाले की ऐकणारे चकित होतात. पॅसिफिक महासागरातील त्या द्वीपराष्ट्रात जाण्यास भारतीय नागरिकाला आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही. तेथे उतरल्यावर पर्यटकास चार महिन्यांपर्यंत राहण्याचा परवाना मिळतो.

दार उघडे असले तरी उंबरठा आहेच. पासपोर्टाची मुदत निदान सहा महिने शिल्लक असावी लागते. राहण्याची सोय आणि खर्चापुरता पैसा दाखविण्याची तयारी ठेवावी लागते. त्या परवान्यावर नोकरी वा व्यापार करता येत नाही. म्हणून कीर्तन-प्रवचनाचे निमंत्रण असेल, तर त्यास वेगळी परवानगी लागते काय, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे. प्रसादाचा नारळ, तुळशीचे बी, खव्याची मिठाई असे जे काही सोबत असेल, ते उतरताच अधिकाऱ्यांपुढे जाहीर करावे. बेटावरची शेती जपण्यासाठी तेथे या बाबतीत फार कडक पाहणी होते. सिंगापूर वा हाँगकाँगवरून जाता येते. पण ऑस्ट्रेलियात विमान बदलावयाचे असेल, तर त्या देशाचा वाटव्हिसा निराळा काढावा लागतो. असले नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी ते ताजे पाहून घेणे शहाणपणाचे.

या सर्व अटींत आम्हांस विचार करावयास लावते ती एकच: परतीचे तिकीट. आलेला पाहुणा परत जाणार आहे, याची खात्री प्रत्येक देशास हवी असते, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु फिजीच्या बंदरावर आपल्या माणसांस हाच प्रश्न एके काळी अगदी उलट्या रीतीने पडला होता.

१४ मे १८७९ रोजी ‘लिओनिडास’ हे जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन फिजीस पोचले. तेव्हापासून १९१६ पर्यंत सुमारे ६० हजार माणसे उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी तेथे नेली गेली. बहुतेक संयुक्त प्रांत आणि बिहारकडील; १९०३ पासून मद्रासकडीलही; आणि काही आमच्या या जुन्या मध्य प्रांतातील. करार पाच वर्षांचा. ‘अ‍ॅग्रिमेंट’ या शब्दाचे त्यांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले, आणि त्यावरून ते गिरमिटिये ठरले. पुरुषास दिवसाकाठी एक शिलिंग, स्त्रीस नऊ पेन्स. पाच वर्षांनी परतावयाचे तर स्वखर्चाने. सरकारी खर्चाने परतावयाचे तर आणखी पाच वर्षे तेथेच काढावयाची. दहा वर्षांनी काही परतले. पण अधिक माणसे तेथेच राहिली.

ही प्रथा बंद व्हावी असा ठराव गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च १९१२ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात मांडला. सरकारी बहुमताने तो फेटाळला. गोखले १९१५ मध्ये निवर्तले. भरती १९१७ मध्ये थांबली आणि उरलेले करार १९२० च्या आरंभी रद्द झाले. ज्यांच्यासाठी हा मराठी पुरुष झगडला, त्यांतील बहुतेकांच्या कानी त्याचे नावही पडले नसेल.

त्या माणसांनी सोबत काय नेले? धनदौलत नव्हतीच. रामायण मात्र नेले. दिवसभर ऊस तोडून थकलेल्या माणसांनी रात्री एकत्र बसून ते गायले, आणि तेथील रामायण-मंडळ्या आजही चालतात. नांदी गावी दाक्षिणात्य शिल्पाचे सुब्रह्मण्याचे भव्य मंदिर उभे आहे. दिवाळीस साऱ्या देशाला सुटी असते. या पत्राच्या वाचकांस हे निराळे समजावून सांगावे लागू नये. १५६० मध्ये मंगेशाचे लिंग कुशस्थळीहून नदीपार प्रियोळास आले, ही कथा आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. गाव सुटले तरी देव सुटला नाही, ही आपली आठवण आणि फिजीतील त्या मजुराची आठवण सख्ख्या बहिणी आहेत.

आता दुसरी बाजू पाहू. आपण व्हिसावाचून त्यांच्या दारी जातो. त्यांच्या नातवंडा-पणतवंडांस मात्र आजोबांच्या गावी येण्यास भारताचा ई-व्हिसा काढावा लागतो. नियमाचा हिशेब सरकारे करोत. आम्हांस मनाच्या हिशेबाची चिंता वाटते. गिरमिटियाच्या निर्गमन-पत्रावर त्याचे नाव, बापाचे नाव, जात, जिल्हा, ठाणे, गाव, अंगावरची खूण, असे सारे लिहून घेत. कारकुनाने ऐकले तसे इंग्रजीत उतरविलेले ते गावाचे नाव हाती धरून आजही कोणी पूर्वजांचे घर शोधीत या देशात येतो. तो आपल्या एखाद्या गावी येऊन देवळाच्या ओट्याशी उभा राहिला, तर आपण त्यास काय विचारू? ‘जात कोणती?’ असे विचारू, की ‘पाणी घेता ना?’ असे विचारू?

फिजीस जाणाऱ्याने समुद्र जरूर पाहावा, पोवळ्यांची बेटे पाहावीत. पण एक सायंकाळ तेथल्या रामायण-मंडळीत श्रोता होऊन बसावे. आणि जे येथेच राहणार आहेत, त्यांनी गावची जुनी नावे, जुनी घराणी, वृद्धांच्या तोंडच्या आठवणी वेळीच लिहून ठेवाव्यात. खिशातले परतीचे तिकीट आपणांस सहज मिळाले आहे. ज्यांना ते मिळाले नाही, त्यांच्या वंशजांसाठी एवढे करणे आपल्या हाती आहे.