दोन बोटे पानथरी

आमचा धाकटा तेव्हा अडीच वर्षांचा होता. सन 2009, पावसाळ्याचे दिवस. पोर सारखे किरकिर करायचे, हातपाय दुखतात म्हणून रात्रभर रडायचे, डोळे पिवळे दिसायचे. वस्तीतल्या डॉक्टरांनी काविळीचे औषध दिले, वर रक्तवाढीची बाटली. आम्ही दोघेही रोजमजुरीचे. सांगतील ते आणले. आजीने पोट चाचपून पाहिले आणि म्हणाली, "याची पानथरी वाढली."

आजीचे खरे ठरले. नागपूरच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासले, तेव्हा सिकलसेल हे नाव आम्ही प्रथम ऐकले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितले. चांगली लाल पेशी गोल व मऊ असते, सुमारे 120 दिवस जगते. या आजारातली पेशी विळ्यासारखी वाकडी होते व 10-20 दिवसांतच फुटते. पानथरी ही रक्ताची चाळणी. वाकड्या पेशी तिच्यात अडकतात. कधी कधी अंगातले रक्त काही तासांत तिथेच तुंबते. मूल पांढरेफटक पडते आणि वेळेवर रक्त मिळाले नाही तर हातचे जाते.

बाईंनी आमचा हात धरून पोराच्या डाव्या बरगडीखाली ठेवला. "काठ लागला? ही दोन बोटे झाली. रोज आंघोळीआधी असेच बघायचे." एवढे तरी आम्हाला आधी कोणी शिकवायला हवे होते!

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी चार बोटे लागली. ओठ, तळहात पांढरे. पोर रडतही नव्हते. कामावर खाडा केला, रिक्षा केली, त्याच दिवशी रक्त चढवले. पुढे पुन्हा तसेच झाले, तेव्हा लसी टोचून, सहाव्या वर्षी पानथरी काढावी लागली. जंतू अडवणारी चाळणी गेली. म्हणून आजही त्याला ताप आला की आम्ही सकाळची वाट पाहत नाही.

त्या काळात नातेवाइकांनी सुनेच्या माहेरावर बोट ठेवले. "त्यांचं रगतच तसं." मग दोघांचे रक्त तपासले. दोघेही वाहक! आईबाप दोघे वाहक असले तर प्रत्येक खेपेला आजारी मूल होण्याचा संभव चारात एक. वाहक स्वतः आजारी नसतो. उलट त्याला जिवावरच्या हिवतापापासून थोडे संरक्षण मिळते. हिवतापाच्या मुलखात हा गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकला तो त्यामुळेच. विदर्भात तो आपल्या समाजात आहे, तसा गोंड-माडियांत आहे, कुणबी-तेल्यांतही आहे. यात कुळाचा कलंक कसला?

आता थोरलीचे लग्न काढले आहे. ती वाहक आहे. पाहुण्यांसमोर चहाच्या बशीशेजारी आम्ही तिचा रिपोर्ट ठेवतो. पहिले पाहुणे कागद न वाचताच उठले. काही आप्तांनी आम्हाला वेड्यात काढले, "लग्न झाल्यावर सांगायचं होतं." म्हणजे आम्ही काढले ते दिवस पोरीनेही काढायचे?

दुसऱ्या स्थळाचा मुलगा बसमध्ये कंडक्टर आहे. त्याने कागद दोनदा वाचला, थोरलीलाच चार प्रश्न विचारले आणि म्हणाला, "माझं रक्त कुठं तपासायचं?" त्याच्या आईचा चेहरा उतरला, पण त्या काही बोलल्या नाहीत. काल तो धाकट्याबरोबर जाऊन रक्त देऊन आला. रिपोर्ट सोमवारी मिळायचा आहे.