कापसाच्या वाटेवरची दोन गावे

यवतमाळ शहर उंचावर वसले आहे, हे तेथे राहणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही; ते येते धामणगावाकडून येणाऱ्याच्या. वर्धेच्या खोऱ्यातील काळी सपाट शेते मागे पडतात, रस्ता चढू लागतो, आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीच्या पठारावर शहर दिसू लागते. उत्तरेच्या उतारावर पडलेला पाऊस बेंबळेच्या वाटेने वर्धेला जातो, दक्षिणेकडचा वाघाडीतून पैनगंगेला. पुढे पैनगंगा वर्धेलाच मिळते आणि सारे पाणी अखेर गोदावरीतून पूर्वेच्या समुद्रात जाते. या मुलखाचा कापूस मात्र दीडशे वर्षे पश्चिमेच्या समुद्राकडे गेला. शहराचे नशीब पाण्याच्या वाटेने ठरले नाही, या दुसऱ्या वाटेने ठरले. (पाण्याच्या वाटेने काय दिले, ते २०१८च्या उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत उभे राहिलेल्यांनी अनुभवले आहे. माथ्यावरच्या गावाला मोठी नदी नसते. निळोणा आणि चापडोह आटले की सारे संपते.)

गाव जुने आहे. ऐने अकबरीत त्याचा उल्लेख योत-लोहारा असा आहे. लोहारा हे पश्चिमेला लागूनच असलेले खेडे. इंग्रजी गॅझेटिअरने नावातील ‘माळ’ हा ‘महाल’ या शब्दाचा अपभ्रंश मानला. पठार पाहणाऱ्याला तो साधा माळच वाटतो, आणि त्याला चूक म्हणण्याचे कारण नाही. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. पुढे झालेल्या जिल्ह्याचे नाव वणी होते, कचेऱ्या मात्र यवतमाळला. १९०५च्या फेररचनेत पुसद तालुका जोडला गेला आणि जिल्ह्यालाही यवतमाळ हेच नाव मिळाले. १९०१च्या खानेसुमारीत या मुख्यालयाची वस्ती जेमतेम साडेदहा हजार होती. एवढ्याशा गावात सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले, ते केवळ भोवतालच्या काळ्या मातीमुळे.

आगगाडी येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून थेट मिर्झापूरपर्यंत जात असे. वाटेत पाऊस लागला की माल भिजे, बैल मरत, आणि विकत घेणाऱ्याच्या हाती पडेपर्यंत वाहतुकीचाच खर्च मालाला खाऊन टाकी. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर वळली. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली. त्या मार्गावरचे धामणगाव हे यवतमाळचे स्टेशन झाले; अंतर सुमारे ४६ किलोमीटर, बैलगाडीचे. मारवाड आणि गुजरातेतून आलेल्या व्यापारी घराण्यांनी वऱ्हाडच्या गावोगाव पेढ्या थाटल्या त्या याच युगात. शेतकऱ्याला पेरणीला रक्कम, हंगामात माल, मुंबईवर हुंडी, दिवाळीला वहीपूजन, असे हे चक्र होते. त्या वह्यांत मुंबईच्या पलीकडचे गाव क्वचितच लिहिलेले असे. पण माल मुंबईला थांबत नव्हता.

मुंबईच्या बाजारात वऱ्हाडी कापसाला ‘उमरा’ म्हणत. उमरावतीचे हे व्यापारी रूप. आखूड धाग्याचा हा कापूस लँकेशायरला फारसा रुचला नाही. त्याचा खरा चाहता निघाला जपान. १८९३ साली जमशेटजी टाटा जपानला गेले, उद्योगपती शिबुसावा एइइची यांना भेटले, आणि त्याच वर्षी निप्पॉन यूसेन कैशा या जपानी कंपनीची मुंबईची जहाजफेरी सुरू झाली. कापूस नेण्याचे भाडे उतरावे हाच तिचा हेतू होता. पुढील चाळीस वर्षांत जपान हा हिंदी कापसाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक बनला.

या वाटेच्या दुसऱ्या टोकाला जी गावे होती, त्यांतील एक योक्काइची. इसे आखाताच्या पश्चिम किनाऱ्यावर, मागे सुझुका पर्वत आणि पुढे समुद्र, अशा अरुंद सपाटीवर वसलेले हे शहर. आजची वस्ती तीन लाखांच्या घरात. नावाचा अर्थ ‘चौथीचा बाजार’. ज्या तारखेत चार येतो, म्हणजे ४, १४ आणि २४ या दिवशी तेथे बाजार भरे. आठवडी बाजारांवर वाढलेल्या यवतमाळकरांना हे नाव परके वाटू नये. एदोहून क्योतोला जाणाऱ्या तोकाइदो या राजरस्त्यावरच्या ५३ मुक्कामांपैकी हा ४३वा. थोडक्यात, वाटसरूंचे आणि बाजाराचे गाव.

१८५४च्या भूकंपाने तेथील बंदर खचले, गाळ साचला, मोठी गलबते आत येईनात. तेव्हा इनाबा सानएमोन नावाच्या एका जहाज-अडत्याने १८७३ मध्ये स्वतःच्या पैशाने नवे बंदर बांधायला घेतले. पैशाअभावी काम मध्येच थांबले. घरची मिळकत त्यात गेली. तरी १८८४ मध्ये ते पूर्ण झाले, आणि १८९९ साली ते परदेशी व्यापाराला खुले झाले. त्याच गावच्या इतो देनशिची यांनी आरंभी पाण्याच्या शक्तीवर चालणारी दोन हजार चात्यांची गिरणी घातली होती. पाणी कमी पडले, गिरणी चालेना. पुढे १८८६ मध्ये शिबुसावांच्याच साहाय्याने त्यांनी भागीदार मिळवून मिए स्पिनिंग कंपनी काढली. १९१४ साली ती ओसाकाच्या गिरणीत विलीन झाली आणि तोयोबो या प्रख्यात कंपनीचा जन्म झाला. यवतमाळची अमुक गाठ अमुक गिरणीत उलगडली, असा हिशेब कोणाच्याच वहीत सापडणार नाही. ‘उमरा’ म्हटले की साऱ्या वऱ्हाडचा माल एक होई. पण चाते त्यावर फिरत होते.

दोन्ही टोके एकमेकांना किती घट्ट बांधलेली होती हे १९३३ मध्ये कळले. हिंदुस्थान सरकारने जपानी कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेली. उत्तरादाखल जपानी गिरण्यांनी हिंदी कापूस घेणेच बंद केले. मंदीने आधीच वाकलेल्या कापूस मुलखाला हा दुसरा तडाखा होता. १९३४च्या करारात तडजोड झाली: जपानने वर्षाला दहा लाख गाठी उचलाव्यात, बदल्यात साडेबत्तीस कोटी वार कापड इकडे आणावे; गाठी वाढल्या तर कापडही चाळीस कोटी वारांपर्यंत वाढावे. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या गाडीचा भाव असा दूरदेशीच्या वाटाघाटींत ठरत होता, आणि त्या टेबलाशी ना शेतकरी होता ना अडत्या.

बंदर योक्काइचीच्या व्यापाऱ्याने बांधले. यवतमाळची रेल्वे कोणी बांधली? विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीने मूर्तिजापूर-यवतमाळ ही ११३ किलोमीटरची अरुंदमापी गाडी घातली. तीच पुढे शकुंतला म्हणून लाडकी झाली. मँचेस्टरला १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन तिने १९९४ पर्यंत ओढले. तिच्याविषयी हळवे लेख पुष्कळ लिहिले गेले. पण हिशेबी नजरेला वेगळेच दिसते. अरुंद रुळांवरची गाठ मूर्तिजापूरला पुन्हा उतरवून मोठ्या गाडीत चढवावी लागे, मालकी परक्यांची, आणि स्वातंत्र्यानंतरही भारतीय रेल्वे त्या कंपनीला भाडे मोजत राहिली. यवतमाळच्या पेढ्यांजवळ त्या काळी पैसा नव्हता असे नाही. तो मंदिरांत, धर्मशाळांत, शाळांत गेला, ते उत्तमच झाले. पण वाटेत गेला नाही.

१९७२ हे वर्ष दोन्ही गावांना वेगवेगळ्या कारणाने लक्षात राहावे. महाराष्ट्राने त्या वर्षी कापूस एकाधिकार खरेदी योजना अमलात आणली. खासगी व्यापाऱ्याला शेतकऱ्याच्या कापसाला हात लावण्याची बंदी झाली. पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा एका हंगामात थांबला. कोणी किराण्याकडे वळले, कोणी कापडाकडे, पुष्कळजण बियाणे, खते आणि औषधांकडे. त्याच वर्षी २४ जुलैला योक्काइचीच्या न्यायालयाने निकाल दिला. कापसानंतर तेथे तेल आले होते. १९५९ पासून समुद्रकाठी पेट्रोरसायनांचे कारखाने धूर सोडीत होते आणि कोळ्यांच्या वस्त्यांत दम्याने माणसे मरत होती. नऊ रुग्णांनी सहा कंपन्यांवर दावा लावला आणि जिंकला. धूर नेमका कोणत्या चिमणीचा, हे सिद्ध करता येत नाही म्हणून कोणी सुटले नाही.

२०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शासनाने विशेष तपास पथक नेमले. बाटली कारखान्यात भरली गेली, घाऊक विक्रेत्याकडे आली, दुकानाच्या फळीवर राहिली, शेवटी उघड्या अंगाच्या मजुराच्या पाठीवरच्या पंपात गेली. साखळीतल्या प्रत्येकाजवळ पावती होती. ज्या समाजात पाणीही गाळून पितात, त्या समाजातील दुकानदारांना ही साखळी इतरांपेक्षा अधिक अस्वस्थ करणारी असायला हवी, आणि काही घरांत ती तशी झालीही. मास्क, हातमोजे दिल्याशिवाय औषध न देण्याचा नेम काहींनी घेतला.

योक्काइचीत १७५८ साली ओकादा घराण्याने किमोनोच्या कापडाचे एक दुकान थाटले होते. घरातील वडीलधाऱ्यांची शिकवण अशी की, घराच्या मुख्य खांबाला चाके लावा. म्हणजे बाजार जिकडे सरकेल तिकडे दुकान न्या. त्या दुकानातूनच आजची एऑन ही आशियातील अवाढव्य विक्रीसाखळी उभी राहिली. यवतमाळच्या घराण्यांनीही खांबाला चाके लावलीच. मुले पुण्याला, मुंबईला, त्याही पलीकडे गेली; पेढीच्या जागी भाड्याची दुकाने आली. सरकलेल्या दुकानामागे गावाचे काय झाले, हे मात्र वेगळे. इनाबांचे बंदर योक्काइचीला मागे उरले.

यवतमाळला सध्या उरला आहे तो वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरचा रुंदमापी मार्ग. त्याचे भूमिपूजन २००९ मध्ये झाले. २८ फेब्रुवारी २०२४ला वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी सुरू झाली. कळंब ते यवतमाळ हे अंतर वीस-बावीस किलोमीटर, सारे चढाचे.